पासवर्डच्या अलीकडची फट

महिन्याची २० तारीख, जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस, आणि घरचं इंटरनेट पार मेलेलं. केबलवाल्याकडच्या मुलाला फोन केला. “ताई, तुमच्याकडून अपलोड बेसुमार जातंय. काय पाठवताय एवढं?” मी काहीच पाठवत नव्हते. लॅपटॉप, मोबाइल, सगळं बंद केलं, तरी राउटरचा दिवा लुकलुकतच राहिला. राउटर बंद-चालू केला की तासभर बरं, मग पुन्हा तेच. असे आठ दिवस मी घालवले. त्याच जाळ्यावर माझ्या अशिलांचे पॅन आणि बँकखात्यांचे तपशील होते, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

भाच्यानं येऊन राउटर उलटा केला, मॉडेल नंबर वाचला आणि कंपनीच्या साइटवर शोधला. त्या मॉडेलमध्ये आज्ञा घुसवता येईल असा दोष नोंदलेला होता. वर, यापुढे नवं फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, मिळणार नाही, असंही लिहिलेलं.

“पण माझा पासवर्ड चांगला बारा अक्षरी आहे रे!”

“मावशी, पासवर्ड विचारायच्या आधीच घुसता येतं.”

राउटर म्हणजे छोटा संगणकच. त्याच्या सेटिंगमध्ये पिंग करून, म्हणजे एखादा पत्ता उत्तर देतो का ते, बघायची सोय असते. आपण तिथे पत्ता लिहितो. आतला प्रोग्राम निष्काळजीपणे लिहिलेला असेल, तर तो पत्ता न तपासता जसाच्या तसा आज्ञेच्या ओळीत चिकटवतो. मग पत्त्यापुढे अर्धविराम देऊन कुणी दुसरी आज्ञा लिहिली, की राउटर तीही पाळतो, आणि बहुधा रूटच्या, म्हणजे सर्वाधिकाऱ्याच्या, हक्कानं. टीपी-लिंकच्या आर्चर एएक्स२१ मध्ये अशी फट देश निवडायच्या रकान्यात होती. तिथे लॉगिनही लागत नव्हतं. कंपनीनं मार्च २०२३ मध्ये दुरुस्त फर्मवेअर दिलं, आणि एप्रिलमध्येच मिराई, म्हणजे राउटर ताब्यात घेऊन त्यांच्याकडून इतरांवर मारा करवणारं घातक सॉफ्टवेअर, ती फट वापरू लागलं. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं, त्यांच्या घरात ती उघडीच होती.

मिराई राहतं राउटरच्या तात्पुरत्या स्मृतीत. म्हणून बंद-चालू केल्यावर ते जातं, आणि फट तशीच असल्यानं परत येतं. माझा तो बरा जाणारा तासभर म्हणजे एवढंच होतं.

मी आणखी एक चूक केली होती. ऑफिसातून घरचा कॅमेरा दिसावा म्हणून राउटरचं रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरून त्याची सेटिंग उघडायची सोय, उघडं ठेवलं होतं. ते आजच बंद करा. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. २०१६ साली नेटगिअरच्या काही राउटरांत सापडलेला दोष घरातूनच वापरता येत होता: तुम्ही एखादं घातक पान उघडलं, की तुमचाच ब्राउझर राउटरला हल्लेखोराची आज्ञा पोचवायचा. इलाज फर्मवेअरचाच. बाहेरून येणारी वायर काढा, फॅक्टरी रिसेट करा, कंपनीच्याच साइटवरून दुसऱ्या जोडणीवर उतरवलेलं फर्मवेअर भरा, नवा पासवर्ड द्या आणि मगच वायर जोडा. अपडेट येणंच थांबलं असेल, तर राउटर बदला. नवा घेताना अँटेना मोजण्याआधी अपडेट कधीपर्यंत मिळतील ते विचारा. राउटर केबलवाल्यानं दिलेला असेल, तर हे त्याला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

जुना राउटर शेजारच्या काकूंनी नातवाच्या अभ्यासासाठी मागितला होता. दिला नाही, ई-कचऱ्यात टाकला. रविवारी त्यांच्याकडे जाऊन त्यांचाच राउटर उलटा केला आणि मॉडेल नंबर लिहून आणला.