वर्ख तापवा, चकाकी घालवा

चांदी वितळते ९६२ अंश सेल्सिअसला. पण मिठाईवरचा वर्ख काचेवर चिकटवून तापवलात, तर त्याच्या निम्म्या तापमानातच तो सलग पापुद्रा ठिकठिकाणी फाटतो आणि बारीक बेटांमध्ये गोळा होतो. चला, करून बघू.

हाताशी ठेवा: अस्सल चांदीचा वर्ख, बोरोसिलिकेट काचेच्या दोन स्लाइड, मल्टिमीटर, सूक्ष्मदर्शक आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतली मफल भट्टी. घरच्या ओव्हनच्या नादी लागू नका, त्याला एवढं तापता येत नाही.

१. पंखा बंद करा. हसू नका, निम्मा वर्ख इथेच उडतो.

२. स्लाइड साबणाने धुऊन स्पिरिटने पुसा. बोटाचा तेलकट ठसा राहिला, तर तेवढ्या जागी वर्ख धरत नाही.

३. प्रत्येक स्लाइडवर डिस्टिल्ड वॉटरचे दोन-तीन थेंब पसरा.

४. वर्ख कागदासकट उचलून काचेवर पालथा टेकवा. बोट लागलं, की तो बोटाचाच झाला!

५. कागद एका कडेने अलगद सोडवा.

६. रात्रभर वाळू द्या. अडकलेल्या पाण्याची भट्टीत वाफ झाली, तर वर्ख फुगतो.

७. वर्खाच्या दोन टोकांवर फॉइलच्या घड्या ठेवून मल्टिमीटरने रोध मोजा. प्रोब थेट टेकवलात तर भोक पडेल.

८. एक स्लाइड तुलनेसाठी बाजूला ठेवा. ही तापवायची नाही.

९. दुसरी स्लाइड थंड भट्टीत ठेवा, वर्खाची बाजू वर.

१०. भट्टी ४५० अंशांवर नेऊन तासभर तिथेच ठेवा. मध्ये दार उघडून डोकावायचं नाही.

११. भट्टी बंद करा आणि स्लाइड आतच निवू द्या. चिमट्याने गरम काच ओढलीत, तर तडकू शकते.

१२. दोन्ही स्लाइड उजेडासमोर धरा. न तापवलेली आरशासारखी दिसेल, तापवलेली दुधी होऊन उजेड सोडेल. चकाकी तशीच राहिली? वर्ख जाड असेल, तर ५०० अंशांवर आणखी एक तास द्या. तरीही ढिम्म? मग मिठाईवाल्याने तुम्हाला ॲल्युमिनियम विकलंय. त्याच्यावरची ऑक्साइडची साल त्याला गोळा होऊ देत नाही.

१३. रोध पुन्हा मोजा. बेटं एकमेकांपासून सुटली असतील, तर मीटर आकडाच दाखवणार नाही.

१४. स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली घ्या, आधी १०० पट, मग ४०० पट. इथे सावकाश बघा. जिथे वर्ख दुमडून दुहेरी झाला होता, तिथे काम मागे पडलेलं असतं: नुसती गोल भोकं. पातळ भागाकडे सरकलात, की भोकं वाढून जाळी झालेली दिसते, आणि त्याही पुढे जाळी तुटून सुटी बेटं. सुरुवातीपासून शेवटापर्यंतचे सगळे टप्पे एकाच काचेवर!

१५. स्लाइडच्या कोपऱ्यात तापमान आणि वेळ आजच लिहा. उद्या ३५० अंशांची स्लाइड हिच्या शेजारी ठेवायची आहे.