बोटीचे दिवे एलईडी करताना

माकुणसारहून केळवे, सातपाटी आणि पुढे तारापूर-डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यावर रोज रात्री कितीतरी मासेमारी बोटी समुद्रात असतात. त्यांच्यावरचे लाल, हिरवे, पांढरे दिवे खलाशाला समुद्र दिसावा म्हणून नसतात. समोरून येणाऱ्या जहाजाला आपण कोण, कुठे तोंड करून आहोत हे कळावं म्हणून असतात. थोडक्यात, तो एक निरोप आहे. म्हणून जुना बल्ब काढून एलईडी लावताना "उजेड पडला ना, झालं" एवढ्यावर काम भागत नाही.

नियम काय सांगतो?

टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले आणि १९७७ पासून लागू झाले. चालत्या बोटीच्या डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा असतो. दोन्ही समोरपासून मागे ११२.५ अंशांपर्यंतच दिसले पाहिजेत. उरलेल्या १३५ अंशांत मागचा पांढरा दिवा दिसतो. तिन्ही मिळून बरोबर ३६० होतात. जाळी टाकलेली बोट (ट्रॉलर सोडून) डोलकाठीवर चारही बाजूंनी दिसणारा लाल आणि त्याखाली पांढरा दिवा लावते. जाळी १५० मीटरच्या पुढे गेली असेल तर त्या दिशेला आणखी एक पांढरा दिवा लागतो.

बॅटरीचा हिशेब

जाळी टाकून, इंजिन बंद करून बोट थांबली आहे असं धरा. २५ वॅटचे तीन बल्ब म्हणजे ७५ वॅट. १२ व्होल्टवर ६.२५ अँपिअर. दहा तासांत ६२.५ अँपिअर-अवर. बॅटरी १०० अँपिअर-अवरची असली तरी तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरायची, म्हणजे ५०. पहाट व्हायच्या आधीच बॅटरी बसणार! आता ३ वॅटचे तीन एलईडी दिवे घ्या. ९ वॅट, ०.७५ अँपिअर, रात्रभरात फक्त ७.५ अँपिअर-अवर. सकाळी इंजिन चालू करायला बॅटरी शिल्लक. "बॅटरी वाचवायला दिवा बंद ठेवू" असं म्हणायची तांडेलावर वेळच येत नाही. माझ्या मते एलईडीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

दुसरा फायदा व्होल्टेजचा. लांब, बारीक वायरमुळे डोलकाठीवर १२ ऐवजी १०.८ व्होल्टच पोचले, तर साध्या बल्बचा उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी पडतो. चांगला ड्रायव्हर असलेल्या एलईडीला फारसा फरक पडत नाही.

चुकतं कुठे?

रंग : पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिप असते, वर पिवळा फॉस्फर. तिच्या उजेडात लाल भाग कमी. जुन्या लाल काचेमागे पांढरा एलईडी बसवला तर दिवा मंद होतो आणि रंगही बिघडतो. लाल काचेमागे लाल एलईडी, हिरव्यामागे हिरवा, हेच बरोबर.

कोन : जुन्या दिव्याची काच आणि आडोसा एका बारीक फिलामेंटच्या जागेवरून ठरवलेला असतो. त्यात चारही बाजूंनी चिप लावलेला एलईडी बल्ब घातला की कडा पुसट होतात. मग बाजूने पाहणाऱ्यालाही लाल-हिरवा एकदम दिसू शकतो आणि बोट आपल्याकडेच येतेय असं त्याला वाटतं. म्हणून शक्यतो प्रमाणित असा पूर्ण दिवाच बदलावा. सजावटीची रंगीत एलईडी पट्टी तर नकोच.

रेडिओ : स्वस्त ड्रायव्हर व्हीएचएफमध्ये खरखर करतो. अमेरिकन कोस्ट गार्डने २०१८ मध्ये याबद्दल खास इशारा दिला होता. तपासणी सोपी आहे. शांत चॅनल लावा, खरखर थांबेपर्यंत स्क्वेल्च फिरवा, मग एलईडी चालू करा. पुन्हा आवाज आला तर तो दिवा बोटीवर नको. संकटाच्या हाकेचा चॅनल १६ ऐकूच आला नाही तर काय उपयोग?

एक गैरसमजही दूर करू. "एलईडी मासेमारी" वेगळी. प्रखर दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यावर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. नेव्हिगेशन दिव्यांचा त्याच्याशी संबंध नाही.

आपण काय करू शकतो?

१२ ते २० मीटरच्या बोटीचे बाजूचे दिवे २ सागरी मैलांवरून दिसावे लागतात. नियमातलं सूत्र सोपं करून असं : कँडेला = ०.६८६ × अंतराचा वर्ग ÷ (०.८ चा तेवढाच घात). अंतर २ घातलं की ०.६८६ × ४ ÷ ०.६४ = सुमारे ४.३ कँडेला. अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर २ मीटरवर लक्समीटर धरला तर ४.३ ÷ ४, म्हणजे निदान १.१ लक्स यायला हवा. मीटर गोल फिरवत नेला की कोनही तपासता येतो. लक्समीटर, कोनमापक आणि एक बॅटरी, एवढंच सामान लागतं. ते आपल्या लॅबमध्ये आहे.

वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. ते सुरू झालं की याच पाण्यात मोठ्या जहाजांची ये-जा वाढणार. तेव्हा फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधणाऱ्यांनो, एक रविवार सातपाटीच्या बंदरावर जा. तांडेलांशी बोला, त्यांचे दिवे मोजून द्या. रिपोर्ट आपोआप तयार होईल, आणि तो कोणाच्या तरी रात्री उपयोगी पडेल.