आधी छायाप्रत मागव

ऐक वं, रडून झालं असेल तर जरा बस इथं. दहावीचा निकाल लागल्यापासून तू एकच घोकत आहेस, ‘मी अभ्यासच केला नाही.’ दिसायला मोठी कबुली आहे ही, पण तिच्यातून हाती काय लागतं? जुलैत पुन्हा गणिताचा पेपर समोर आला, तर या कबुलीचा एक मार्कसुद्धा मिळणार नाही. नेमकं कुठं चुकलं, ते सांग. सांगता येत नाही ना? मग आधी ते शोधू.

बाबांचं सोयाबीन उगवलं नाही की ते काय करतात, तू लहानपणापासून पाहतेस. दुबार पेरणी करायच्या आधी तासात बसून बोटानं माती उकरतात. दाणा सडला, का खोल पडला, का वर मातीची खपली धरली? बियाणंच खराब निघालं, तर पुढच्या खेपेला शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून मोजतात; सत्तरच्या खाली कोंब आले तर ते बियाणं वापरत नाहीत. ‘मी वाईट शेतकरी आहे’ असं म्हणत बांधावर बसलेलं मी तरी त्यांना पाहिलं नाही.

तुझी माती म्हणजे तुझी उत्तरपत्रिका. बोर्ड तिची छायाप्रत देतं, एका विषयाचे चारशे रुपये घेतं. मुदत असते निकालानंतर जेमतेम पंधरवड्याची, म्हणून तोंड लपवून घरात बसणं परवडणारं नाही. पुनर्मूल्यांकन मागायचं तरी आधी छायाप्रत लागतेच, आणि ती हातात आली की अर्जाला कामकाजाचे पाचच दिवस. पण मला ती मार्क वाढवायला नको आहे. तू काय लिहून आलीस, ते मला लाल पेन घेऊन तुझ्याशेजारी बसून पाहायचं आहे.

दहावीच्या गणितात पोरी कुठं मार खातात, सांगू? रचनेच्या प्रश्नात कंपासचे कंस छान काढतात आणि पान स्वच्छ दिसावं म्हणून खोडरबर फिरवतात. भूमितीच्या पेपरवर वरच छापलेलं असतं, रचनेच्या खुणा पुसू नयेत. तपासणारा त्या खुणा पाहूनच मार्क देतो. बहुपर्यायी प्रश्नात आधी बरोबर लिहितात, मग शंका येते, खोडून दुसरं लिहितात; पहिलंच उत्तर धरलं जातं, हेही त्याच सूचनांत असतं. अंकगणिती श्रेढीत एकविसावं पद काढायला सांगितलं की फरकाला एकविसानं गुणतात, गुणायचं असतं विसानं. यातली कुठलीच चूक ‘अभ्यास नाही’ या खात्यात जात नाही. उलट त्रिकोणमितीचं पान आख्खं कोरं असेल, तर तो धडा आलाच नव्हता, तिथं खरंच पाटी घेऊन बसावं लागेल. दोन्हींचा इलाज वेगळा आहे, म्हणून एका वहीत दोन्ही वेगळं लिही.

आणि एक हिशेब तुला कोणी समजावला नसेल. बीजगणित चाळीस, भूमिती चाळीस, अंतर्गत वीस. पास व्हायला तिन्ही मिळून पस्तीस लागतात, दोन्ही पेपरांत वेगवेगळं पास व्हावं लागत नाही. तुझे अंतर्गत गुण जमा आहेतच. संभाव्यता, सांख्यिकी आणि एकसामयिक समीकरणं पक्की कर, समरूपता नंतर बघू. सगळं पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करशील तर जुलैपर्यंत दुसऱ्याच धड्यात राहशील.

लोकांचं म्हणशील, तर गावाची नगर परिषद झाली, तरी कोणाची पोरगी कशात राहिली ही बातमी अजून बसस्टँडवरच फुटते. फुटू दे. पेरण्या लागल्या की त्यांना तुझी आठवणही राहणार नाही. एका विषयात राहिलीस म्हणून अकरावी अडत नाही, एटीकेटीवर प्रवेश मिळतो. पूर्वी फेरपरीक्षा ऑक्टोबरात व्हायची, तोवर पोरी घरी बसायच्या आणि त्यातल्या कितीजणींची लग्नं ठरायची. आता जून-जुलैत होते. तेवढ्यात पोरीसाठी स्थळ आणायचं म्हटलं तरी पाहुण्यांना पावसातून यावं लागेल!

‘ट्वेल्थ फेल’ पाहून तू हुंदके देत होतीस. तो सिनेमा ज्यांच्यावर आहे, ते मनोज शर्मा आपल्याच महाराष्ट्र केडरचे, 2005 च्या बॅचचे. बारावीत नापास झाले आणि पुढे आयपीएस झाले. पण सिनेमात रडायला लावणारे प्रसंग असतात, मधल्या सकाळी कशा गेल्या ते दोन मिनिटांत उरकतात. तुझ्या सकाळी मात्र पूर्ण लांबीच्या असणार आहेत, ते ध्यानात ठेव. रोज एक जुनी प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, आणि वहीतल्या चुका दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडवून.

आईला मी सांगते, तिची काळजी करू नको. फेरपरीक्षेचा फॉर्म शाळेतूनच भरावा लागतो, आणि मुदत चुकली की विलंब शुल्क लागतं. सोमवारी दहा वाजता शाळेत जा, गुणपत्रिकेची झेरॉक्स सोबत घे, आणि छायाप्रतीचं त्याच दिवशी विचार.