शौलाची मेंढरे आणि आमच्या कोठीतले गठ्ठे

शास्त्रवाचन : १ शमुवेल १५:१-३५



इस्राएलाचा पहिला राजा शौल याची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो आहोत. ‘आज्ञा मोडली म्हणून राज्य गेले’ एवढे मुलांना सांगून आपण दावीद आणि गल्याथाच्या धड्याकडे वळतो. मीही अनेक वर्षे असेच शिकवले. पण सातपुड्यातल्या पाड्यांवर सेवा करत असताना एका हिवाळ्यात हा अध्याय माझ्याकडेच बोट दाखवून उभा राहिला. म्हणून या वेळी त्यावर आपण थोडे सावकाश मनन करू.

सुरुवात चांगली होती

शौल मुळातच वाईट होता असे शास्त्र सांगत नाही. तो वडिलांची हरवलेली गाढवे शोधायला निघाला होता. आपले कूळ अगदी लहान आहे असे तो शमुवेलाला म्हणाला (९:२१). राजा म्हणून त्याचे नाव निघाले तेव्हा तो सामानसुमानात लपून बसला होता (१०:२२). याबेश-गिलादच्या लोकांना त्याने संकटातून सोडवले आणि त्या विजयाच्या दिवशी आपल्या विरोधकांना जिवे मारू दिले नाही (११:१३). नम्र, धाडसी आणि क्षमाशील असा हा मनुष्य होता. म्हणूनच त्याच्या पतनाकडे आपण दुरून पाहू नये.

पहिली ठोकर गिलगाल येथे लागली. पलिष्टी मिखमाशात जमले होते, शौलाचे लोक पांगत होते आणि शमुवेल येईना. सात दिवस वाट पाहून शौलाने स्वतःच होमार्पण केले. ते आटोपते न आटोपते तोच शमुवेल आला (१३:८-१०). शौलाने कारण दिले, ते खोटे नव्हते. माणसे खरोखरच पांगत होती. पण भीतीने त्याला आज्ञेपुढे ढकलले.

अर्धी आज्ञा

पंधराव्या अध्यायातील अमालेक्यांविषयीची आज्ञा कठोर आहे. ती वाचताना माझेही मन अडखळते. ती त्या काळातील एका राजाला दिलेली होती. आज कोणाला शत्रू मानण्याची मुभा तिच्यातून घेता येत नाही, कारण प्रभू येशूने आपल्याला शत्रूंवर प्रीती करायला शिकवले आहे (मत्तय ५:४४). पण एक गोष्ट ध्यानात घ्या. शौलाने काही वाचवले ते दयेपोटी नव्हे. सामान्य लोक मारले गेले. वाचला तो राजा अगाग आणि वाचली ती धष्टपुष्ट जनावरे. जे टाकाऊ होते त्याचाच नाश झाला (१५:९).

त्यानंतर शौल कर्मेल येथे गेला आणि त्याने स्वतःसाठी स्मारक उभारले (१५:१२). हे यहूदातील कर्मेल गाव, एलीयाचा कर्मेल डोंगर नव्हे. शमुवेल भेटताच शौलाने आपण होऊन सांगितले की परमेश्वराची आज्ञा मी पाळली आहे. त्यावर शमुवेलाने एवढेच विचारले की मग ही मेंढरे आणि ही गुरे कोणाची ओरडत आहेत?

शौलाचे उत्तर नीट वाचा (१५:१५). जनावरे ‘त्यांनी’ आणली, बाकीच्यांचा नाश मात्र ‘आम्ही’ केला. चूक लोकांची आणि श्रेय आपले. शिवाय ती जनावरे कशासाठी, तर परमेश्वराला यज्ञ करण्यासाठी! अवज्ञेवर त्याने उपासनेचे वस्त्र पांघरले. शमुवेलाने त्याला स्पष्ट सांगितले की परमेश्वराला यज्ञापेक्षा आज्ञापालन अधिक प्रिय आहे.

आमच्या कोठीतले गठ्ठे

काही वर्षांपूर्वी एका मंडळीच्या महिला मंडळाने आमच्याकडे ६० ब्लँकेटे पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत विनंती होती की थंडी वाढण्याआधी ती पाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना द्यावीत. त्यातली ३५ पातळ होती, ती मी लगेच वाटली. २५ चांगली जाड होती. ती मी कोठीत ठेवली. नाताळच्या कार्यक्रमाला पाहुणे येणार होते. त्यांच्या हस्ते वाटप होईल, फोटो निघतील, वार्तापत्रात छापले जातील, मदत करणाऱ्यांना आनंद होईल आणि सेवाकार्य वाढेल, असा माझा विचार होता. हे सर्व देवाच्या गौरवासाठीच आहे, असे मी मनाला समजावले.

तीन आठवडे गेले. एका सकाळी आमच्या पाड्यावरचे सुवार्तिक काका कोठीत आले. त्यांनी विचारले, “ताई, हे गठ्ठे कोणाचे?”

“कार्यक्रमासाठी ठेवलेत, काका,” मी म्हणाले.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “थंडी तर आत्ताच आहे, ताई.”

मला रागच आला. कार्यक्रमाची जबाबदारी माझ्यावर आहे, यांना काय कळणार, असे वाटले. त्या रात्री मननासाठी बायबल उघडले. वाचनाच्या क्रमाने १ शमुवेल १५ आला होता. मेंढरांच्या ओरडण्याच्या वचनापाशी मी थांबले. ईश्वरविज्ञानाच्या पदविकेसाठी याच अध्यायावर मी निबंध लिहिला होता. पण कोठीतला आवाज मला तीन आठवडे ऐकू आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गठ्ठे घेऊन आम्ही दोघे वरच्या पाड्यावर गेलो. पहिल्याच घरात एक आजी चुलीजवळ पोती अंगावर घेऊन झोपल्या होत्या. त्यांनी तक्रार केली नाही. बसायला सांगितले आणि आमच्यासाठी कोरा चहा ठेवला. तीन आठवड्यांच्या त्या रात्री मी त्यांना परत देऊ शकत नव्हते.

त्या नाताळच्या अंकात ‘ब्लँकेटे वाटली’ एवढेच मी लिहिले. पाठवणाऱ्या भगिनींना पूर्ण हकिगत कळवली नाही. ती आज लिहीत आहे आणि त्यांची क्षमा मागत आहे.

‘मी पाप केले’ म्हणणारे दोन राजे

शौलाने शेवटी पाप कबूल केले. आपण लोकांना भ्यालो हेही सांगितले (१५:२४). पण लगेच त्याने शमुवेलाकडे मागितले ते काय, तर वडीलजनांसमोर माझा मान राख (१५:३०). दावीदानेही पुढे भयंकर पाप केले. नाथानाने ते उघड केल्यावर त्याने कोणाकडे बोट दाखवले नाही आणि मानही मागितला नाही (२ शमुवेल १२:१३). दोघांचे शब्द सारखेच होते. फरक एवढाच की एकाला पापाची लाज वाटली आणि दुसऱ्याला लोकांत होणाऱ्या नाचक्कीची.

शौल गिलबोवाच्या डोंगरावर पडला. त्याचे तीन मुलगेही त्याच दिवशी गेले, त्यात भला योनाथान होता. पुढाऱ्याच्या अवज्ञेची झळ त्याच्या एकट्यापुरती राहत नाही. मात्र याबेश-गिलादचे लोक रात्रभर चालत गेले आणि बेथ-शानच्या तटावरून त्यांनी त्याचे शव उतरवून आणले (३१:११-१३). त्याने एकेकाळी केलेले भले ते विसरले नव्हते. शमुवेलही त्याच्यासाठी शोक करत राहिला. पडलेल्या सेवकाविषयी बोलताना आपणही हे लक्षात ठेवावे.

मननासाठी

१. देवासाठी म्हणून मी राखून ठेवलेले, पण खरे तर दुसऱ्या कोणाचे असलेले असे माझ्याजवळ काय आहे?
२. माझ्या बोलण्यात चुकीसाठी ‘ते’ आणि यशासाठी ‘आम्ही’ असे होते का?
३. मला टोकणाऱ्या सहकाऱ्याचे मी ऐकते की त्याच्यावर रागावते?

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या कोठीतला आवाज आम्हाला वेळेवर ऐकू येऊ दे. आमचा मान राखण्यापेक्षा तुझी आज्ञा पाळण्याचे मन आम्हाला दे. जे गरजवंताचे आहे ते आजच त्याच्या हाती जाऊ दे. येशूच्या नावात मागतो, आमेन.