जमाखर्चाची रेघ

व्यापारात पैसा मिळविणे अवघड असते. परंतु हाती आलेला पैसा नेमका कोणाचा आहे, आणि तोटा झालाच तर तो कोणाच्या नावे लिहावयाचा, याचे भान राखणे त्याहूनही अवघड असते. घरखर्च, पेढीचे भांडवल आणि लोकांनी विश्वासाने ठेवलेली ठेव यांच्यामधील रेघ पुसट झाली, की भरभराटीला आलेली पेढीही पाहता पाहता बसते. या गोष्टीचा बोध घेण्यासाठी कलकत्ता शहराइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. कारण तेथील इतिहासाने, एका कुटुंबाने आणि पुढे चित्रपटानेही हाच प्रश्न निरनिराळ्या रीतीने मांडला आहे.

रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ ठाकूर (१७९४–१८४६) यांनी १८३४ मध्ये विल्यम कार या इंग्रज व्यापाऱ्याच्या भागीदारीत ‘कार, टागोर आणि कंपनी’ ही पेढी काढली. नीळ आणि रेशीम यांच्या व्यापारापासून राणीगंजच्या कोळशाच्या खाणीपर्यंत आणि हुगळी नदीत जहाजे ओढणाऱ्या वाफेच्या बोटींपर्यंत तिचा पसारा होता. त्यापूर्वी, १८२९ मध्ये, युनियन बँकेची स्थापना झाली होती आणि तिच्या उभारणीतही द्वारकानाथांचा मोठा वाटा होता.

द्वारकानाथांना धोक्याची जाणीव नव्हती, असे म्हणता येणार नाही. १८४० मध्ये त्यांनी विश्वस्तपत्र करून आपल्या काही जमीनदाऱ्या मुलांच्या निर्वाहासाठी वेगळ्या काढून ठेवल्या. बंगालमध्ये त्या काळी दायभाग पद्धतीचा कायदा चालत असे. महाराष्ट्रातील मिताक्षरा पद्धतीत वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मापासूनच मानला जाई; बंगालमध्ये मात्र वडील हयात असेपर्यंत तेच पूर्ण मालक असत. म्हणजे पित्याचे कर्ज साऱ्या घरादाराला गिळून टाकण्याची भीती तेथे अधिक होती. विश्वस्तपत्र करून द्वारकानाथांनी घर आणि पेढी यांच्यामध्ये रेघ ओढली, ही त्यांची दूरदृष्टीच म्हटली पाहिजे.

परंतु पेढी आणि बँक यांच्यामध्ये तशी रेघ कोणी ओढली नाही. कलकत्त्याच्या मोठमोठ्या पेढ्यांचे भागीदारच युनियन बँकेच्या संचालकांत बसत आणि बँकेचा पैसा त्याच पेढ्यांच्या निळीच्या व्यवहारांत गुंतत जाई. कर्ज मागणारा आणि कर्ज मंजूर करणारा जेव्हा एकाच गोटातला असतो, तेव्हा ‘नाही’ म्हणणार कोण? निळीचा भाव चढता असेपर्यंत हा दोष झाकला गेला. १८४७ मध्ये लंडनच्या बाजारात मोठी मंदी आली, तेथील अनेक पेढ्या बुडाल्या आणि त्या धक्क्याने १८४८ च्या आरंभी युनियन बँकही कोसळली. त्याच सुमारास कार-टागोर पेढीही बंद पडली. द्वारकानाथ तोपर्यंत हयात नव्हते. १ ऑगस्ट १८४६ रोजी लंडनमध्येच त्यांचा मृत्यू झाला होता.

येथून पुढची हकीकत बाजारातली नसून घरातली आहे. थोरले चिरंजीव देवेंद्रनाथ त्या वेळी तिशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी आत्मचरित्रात दिलेल्या हिशेबाप्रमाणे पेढीचे देणे सुमारे एक कोटी रुपये आणि येणे सत्तर लाख होते. म्हणजे तीस लाखांची तूट होती. विश्वस्तपत्रातील जमिनींना सावकार हात लावू शकत नव्हते. तरीसुद्धा देवेंद्रनाथांनी त्या जमिनीही देणेकऱ्यांचे देणे फेडण्यासाठी पुढे केल्या. घरातील नोकरचाकर कमी झाले, गाड्याघोडे विकले गेले, खाण्यापिण्यात आणि पेहेरावात साधेपणा आला. सावकारांनी सर्वस्व हिरावून घेण्याऐवजी मालमत्तेच्या उत्पन्नातून फेड करून घेण्यास संमती दिली आणि पुढील अनेक वर्षांत ते ऋण फिटले. एवढेच नव्हे, तर वडिलांनी एका धर्मादाय संस्थेला कबूल केलेली एक लाखाची देणगीही देवेंद्रनाथांनी व्याजासह चुकती केली.

यात भाबडेपणा होता काय? व्यवहाराच्या दृष्टीनेही तसे म्हणता येत नाही. कायदा माणसाची मालमत्ता राखतो. पत राखणे कायद्याच्या हाती नसते. घराची रेघ कायद्याने आखलेली होती आणि ती ओलांडण्याची सक्ती कोणी करू शकत नव्हते. म्हणूनच ती आपखुशीने ओलांडण्याला मोल आले. सावकारांनी मुदत दिली ती या उघड हिशेबावर भरवसा ठेवून. ज्या जमिनी वाचल्या, त्यांचाच कारभार पाहण्यासाठी रवींद्रनाथ पुढे शिलाईदह आणि शाहजादपूर येथे राहिले, ही गोष्टही विसरता कामा नये.

याच्या नेमकी उलट बाजू सत्यजित राय यांच्या ‘सीमाबद्ध’ (१९७१) या चित्रपटात दिसते. तो शंकर यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. पंखे बनविणाऱ्या कंपनीतील विक्री-व्यवस्थापक श्यामलेंदू हा हुशार आणि महत्त्वाकांक्षी तरुण. परदेशी धाडावयाच्या मालात ऐन वेळी दोष आढळतो. उशीर झाला तर करारान्वये भुर्दंड पडणार आणि संचालकपदही हातचे जाणार! तेव्हा कारखान्यात कामगारांचा तंटा मुद्दाम पेटविला जातो, टाळेबंदी होते आणि विलंबाला सबब मिळते. या खटाटोपात एक पहारेकरी जखमी होतो. कंपनीचे नुकसान टळते, श्यामलेंदूला बढती मिळते; परंतु ज्या मेहुणीच्या नजरेत त्याला मोठे व्हावयाचे होते, ती त्याने दिलेले घड्याळ मुकाट्याने काढून ठेवते. खोट मालात होती, ती कंपनीच्या नावे पडावयास हवी होती. ती पडली पहारेकऱ्याच्या अंगावर.

या साऱ्यांतून निघणारा धडा साधा आहे. तोटा कोणत्याही धंद्यात येतो. पण तो दुसऱ्याच्या खात्यात लपविला, की नाशाला आरंभ होतो. युनियन बँकेत तो ठेवीदारांच्या आणि भागधारकांच्या माथी मारला गेला. देवेंद्रनाथांनी तो आपल्या नावे लिहून घेतला.

बंगालच्या बाजाराला हे शहाणपण परके नाही. वैशाखाच्या पहिल्या दिवशी तेथील दुकानांतून ‘हालखाता’ होतो. लाल कापडी बांधणीच्या नव्या वहीची पूजा होते. आपल्याकडे दिवाळीत वहीपूजन होते, तसेच. मात्र त्या दिवशी गिऱ्हाइकांना दुकानात बोलावतात, मागील बाकी सर्वांसमक्ष चुकती होते किंवा निदान काही अंशी फेडली जाते, आणि मग मिठाई हातावर पडते. जुने येणे-देणे उघड केल्याशिवाय नव्या पानावर आकडा लिहावयाचा नाही, हा त्या प्रथेचा अर्थ. मोठ्या पेढीला आणि लहानशा दुकानाला तो सारखाच लागू पडतो.