हार्मोन सुरू करण्याआधी

हार्मोनसाठी मी खोपोलीहून लोकलने मुंबईला जायचे. कर्जत-खालापुरातल्या ओळखीच्या ट्रान्स बायकाही तिकडेच जातात. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी विचारलं, "पुढे मूल हवंय का?" मला हसूच आलं, लग्नाचा पत्ता नाही, मूल कुठलं! त्यांनी समजावलं: इस्ट्रोजेन आणि पुरुषी हार्मोन दाबणाऱ्या गोळ्यांनी शुक्राणू कमी होतात, पार थांबूही शकतात. गोळ्या सोडल्या तरी पूर्ववत होतीलच याची हमी नाही, आणि वृषणं काढली की विषयच संपला. साठवायचं तर आधीच.

साठवलं. एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या झाल्या, दोन ते पाच दिवस वीर्यपतन टाळण्याचं पथ्य पाळलं. फॉर्मवर दोनच रकाने होते, पती आणि पत्नी. नर्सने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं, मग दुसऱ्या रकान्यावर आडवी रेघ मारली. निघताना साठवण केंद्रातले म्हणाले, "आता निर्धास्त राहा."

पुढचं त्यांनी सांगितलंच नाही. माझा जोडीदार पुरुष आहे, म्हणजे मूल हवं तर सरोगसीच. २०२१ च्या कायद्यानुसार सरोगसी मिळते ती विवाहित स्त्री-पुरुष जोडप्याला, नाहीतर ३५ ते ४५ वयाच्या विधवा वा घटस्फोटित स्त्रीला. त्याच वर्षीचा सहाय्यक प्रजनन (एआरटी) कायदाही 'स्त्री' आणि 'पुरुष' एवढंच बोलतो. आमचा उल्लेख नाही. माझं बीज उणे १९६ अंशांवर सुखरूप आहे. दरवर्षी मी त्याचे पैसे भरते, पण ते वापरायची वाट आज तरी मला दिसत नाही. जोडीदार गर्भाशय असलेली बाई असती, तर गोष्ट वेगळी होती.

ट्रान्स पुरुषांचं गणित निराळं. स्त्रीबीज गोठवायचं तर साधारण दहा-बारा दिवस इंजेक्शनं, योनीमार्गे सोनोग्राफी आणि भूल यांतून जावं लागतं. शरीराशी आधीच भांडण असलेल्याला हे जड जातं; विश्वासातलं माणूस सोबत न्या. टेस्टोस्टेरॉनने पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो, त्याला संततिनियमन समजू नका. गर्भाशय काढण्याची घाई करायची की नाही, हेही आधीच ठरवा. कोझिकोडचे ट्रान्स पुरुष जहाद यांनी गर्भाशय ठेवलं होतं, म्हणून २०२३ मध्ये ते बाळाला जन्म देऊ शकले. जन्मदाखल्यावर 'आई', 'वडील' न लिहिता दोघांनाही 'पालक' म्हणावं, यासाठी जहाद आणि त्यांच्या जोडीदाराला केरळ उच्च न्यायालयात जावं लागलं. २०२५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.

मूल रक्ताचंच हवं असंही नाही. मुंबईत ट्रान्स कार्यकर्त्या गौरी सावंत यांनी आई गमावलेल्या मुलीला पोटच्या लेकीसारखं वाढवलं. पण वाढवणं वेगळं आणि कागदावर पालक होणं वेगळं, हे लक्षात असू द्या.

केंद्राकडून चार गोष्टी लेखी घ्या: वर्षाचा खर्च, किती वर्षं ठेवणार, केंद्र बंद पडलं तर काय, आणि तुमच्या पश्चात हक्क कुणाचा. नाव आणि लिंग बदलल्यावर जुन्या संमतीपत्राशी कागद जुळतील, याचीही तजवीज करा. मूल नकोच असेल तर तसं सांगून मोकळे व्हा. कुणाच्या आग्रहाखातर उपचार लांबवू नका.

पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, "साठवता येईल का?" आणि पैसे भरण्याआधी वकिलाला विचारा, "मला ते वापरता येईल का?"