धूर नव्हता म्हणून शेगडी आत आणली

चिखलदऱ्याच्या पठारावर आमचं थोडं शेत आहे आणि त्यात दोन खोल्यांचं कौलारू घर. विजेची तार तिथवर आलेली नाही. दोन सोलर पॅनेल, १५० अँपिअर-आवरची एक बॅटरी आणि छोटा इन्व्हर्टर, एवढ्यावर दिवे आणि फोन चालतात. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती याच डोंगरावर, आणि आईला सकाळी उठल्या उठल्या जायफळ घातलेली कॉफी लागते.

ऑगस्टातली गोष्ट. चार दिवस धुकं हटलं नव्हतं. गॅस आदल्या रात्रीच संपला होता. विजेची किटली लावली तर इन्व्हर्टर किंचाळून बंद पडला. तसं दोन कप पाणी उकळायला वीज थोडीच लागते, साधारण ४० वॅट-तास; नऊ वॅटचा दिवा चार तास जळेल तेवढी. पण किटलीला ती दोन-चार मिनिटांत हवी असते. १,५०० वॅटची किटली १२ व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे अँपिअरहून जास्त ओढू पाहते. छोट्या इन्व्हर्टरला हा भार पेलत नाही, आणि मोठा बसवला तरी एकटी बॅटरी त्याखाली बसते. म्हणून सोलरवर राहणाऱ्यांनी किटलीचा नाद सोडावा.

सरपण ओलं होतं. मी पडवीत लाकडी कोळशाची शेगडी पेटवली. धूर विरला, निखारे लालबुंद झाले, तेव्हा ती उचलून आईच्या खोलीत आणली आणि वारा येतो म्हणून दार लावलं. कॉफी झाली. ऊब छान वाटत होती, शेगडी तशीच राहू दिली.

अर्ध्या तासात आईचं डोकं दुखायला लागलं. मळमळतंय म्हणाली. पित्त असेल असं मला वाटलं. तिला पेंग येऊ लागली, ती थंडीची वाटली. पाणी आणायला उठलो तर माझ्याच पायांत त्राण नव्हतं. तेवढ्यात दूध घालणारे दादा आले. त्यांनी दार उघडलं, शेगडी बघितली आणि एक शब्द न बोलता आईला उचलून पडवीत नेलं.

बाहेर आल्यावर मी ऑक्सिमीटर लावला. ९८ आकडा बघून जिवात जीव आला. तो दिलासा खोटा होता. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि बोटाला लावायच्या त्या यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. आईला परतवाड्याला नेऊन मास्कने ऑक्सिजन दिला, तेव्हा ती संध्याकाळी नीट बोलू लागली.

तेव्हा सांगतो, धूर थांबला म्हणजे धोका टळला असं समजू नका. शेगडी पडवीतच राहू द्या. खिडकी किलकिली ठेवणं पुरत नाही. जनरेटरचंही तेच, तो घराबाहेर आणि खिडक्यांपासून लांब हवा. एकाच खोलीतल्या दोघांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर कारण शोधत बसू नका, आधी सगळे बाहेर पडा आणि १०८ ला फोन करा. हा वायू ओळखून ओरडणारं बॅटरीवरचं यंत्र मिळतं. घरात काही जळत असेल तर ते घ्याच.

कॉफीची सोय आता रात्रीच होते. जेवणाच्या वेळी चूल पेटलेली असतेच. तेव्हाच उकळतं पाणी स्टीलच्या फिल्टरमधल्या कॉफीवर ओततो. थेंबथेंब उतरून सकाळी दाट डिकॉक्शन तयार असतं. आणखी पाणी थर्मासमध्ये. सकाळी पडवीत फक्त दूध तापवायचं, त्याला पाच किलोची छोटी गॅसटाकी पुरून उरते. दुसरी भरलेली टाकी कायम बाहेर पडवीत.

एक मात्र उशिरा लक्षात आलं. दादांच्या घरात चूल आतच असते, पिढ्यान्‌पिढ्या. पण त्यांची कौलं उघडी आहेत, फटींतून बरंचसं वर निघून जातं. गळतं म्हणून मी आमच्या कौलांखाली प्लास्टिक ताणून बसवलं होतं आणि खिडक्यांच्या फटी बुजवल्या होत्या. घर कोरडं झालं होतं, पण त्याचा श्वास मी बंद केला होता. परतवाड्याहून परत आल्यावर आईने मला शिडीवर चढवलं आणि ते प्लास्टिक एका कोपऱ्यात हातभर कापायला लावलं. पावसात तिथून गळतं. खाली पातेलं ठेवलेलं असतं.